चार दाण्यांची बरकत

झुवैनाला अख्खं नाणं दाखवलेलं आवडत नसे. कुणी नवखी बाई ओढणीच्या टोकाला बांधून आणलेलं चकचकीत नाणं तिच्या पुढ्यात ठेवी, तेव्हा ती ते उलटसुलट करून परत देई आणि सांगे, हे मस्कतला ने, तिथे परदेशी लोक याचे तीन रियालसुद्धा देतील. माझ्याकडे मोडकं आण. भोक पाडलेलं, कडी उपटलेलं, डाक लावून काळं झालेलं, कुणी पोराने दगडाने ठोकून वाकवलेलं. अशा नाण्यांना मस्कतचे दुकानदार हात लावत नसत. झुवैना ती मोडीच्या भावात घेई, सव्वा रियालला एक. त्यातूनही घट कापून.

इब्र्याच्या बाजारात बुधवारची सकाळ बायकांची असते. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांनी फाटकाबाहेर थांबायचं. मी सव्वीस वर्षं तिथे तिच्या शेजारी बसते आहे. आमचे हे पाण्याच्या पंपांच्या वर्कशॉपात, आणि मी बायकांच्या सुरवारींच्या घोट्यावरचं जरीकाम करते. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळ्या मला उम्म केदार म्हणतात, जसं झुवैनाला उम्म हिलाल म्हणतात. माझं गिऱ्हाईक नसलं की मी तिचं तोलणं बघत बसे.

ती नाणी म्हणजे जुना कर्श. एका बाजूला जाड गळ्याची कुठलीशी राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा पक्षी. जुन्या बायकांचा मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याकडून बाईला मिळणारं धन, याच नाण्यांत मोजला गेला, आणि मोजून झाला की सोनाराने त्याला भोकं पाडून, कड्या लावून हार करून दिले. आता नव्या सुनांना सोनं हवं. आज्यांचे हार सुटे होऊन आमच्या बाजारात येतात.

झुवैनाचा हातातला तराजू होता, पितळेच्या दोन वाट्या आणि मधे दांडी. उजव्या पारड्यात ती स्वतःचं नाणं ठेवी. ते तिच्या आईच्या मेहेरातलं, कधीही भोक न पाडलेलं. डाव्यात तुमचं. तुमचं नाणं हलकं म्हणून ते पारडं वर राही. मग ती त्यात जवाचे दाणे टाकी, एकेक, बोटांच्या चिमटीने, दांडी सरळ होईपर्यंत. जितके दाणे लागले तितकी चांदी कमी. दाण्यामागे पाच बैसा कापायचे, हजार बैशांचा एक रियाल. भांडायला जागाच नव्हती, कारण दाणे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडत. साध्या भोकाला नऊ दाणे लागतात हे तिला पाठच झालेलं होतं.

आणि ती माणूस इतकी सरळ, की दाणा किडका निघाला तर बदलून घेई. माप मारणाऱ्यांवर कुराणात एक अख्खा अध्याय आहे, तो तिला तोंडपाठ होता. बुधवारी पहाटेची नमाज झाली की ती निखाऱ्यावर लोबान आणि ऊद टाकून आपले कपडे, केस, तराजू आणि ते आईचं नाणं, सगळं धुरीवर धरी. नाण्याला वरून गुलाब आणि केशराच्या तेलाचं बोट लावी. ते नाणं तिने कधी घासलं नाही. घासलं की चांदी जाते आणि माप खोटं होतं, असं तिचं म्हणणं. ती नाणी तोलायला लागली त्याला बारा वर्षं झाली होती; तेवढ्यात राणीचे केस काळे, चिकट होत गेले. सगळ्यांना वाटे, जुनं आहे, काळं होणारच.

महिन्यातून एकदा ती जमलेली मोड घेऊन खल्फान सोनाराकडे जाई. खल्फान सगळी नाणी एकदम मोठ्या काट्यावर टाकी. दर वेळी वजन तिच्या अंदाजापेक्षा थोडं जास्त भरे. फार नाही, थोडंच. झुवैना वर बघून अल्लाचे आभार मानी आणि म्हणे, ही बरकत. त्या वरच्या पैशाला ती हात लावत नसे. मशिदीबाहेर वाटसरूंसाठी पाण्याचे माठ आहेत, त्यात उन्हाळाभर तिच्या पैशाचा बर्फ पडे.

त्या वर्षी तिचं आणि तिच्या मुलाचं, हिलालचं, नाव हजच्या यादीत लागलं. बस निघायला अठरा दिवस होते. घरात सुनेने, फख्रियाने, साफसफाई काढली. पोरगी मनाने चांगली आणि हाताने झपाट्याची. गाद्या धुतल्या, पडदे धुतले, आणि सासूला आनंद व्हावा म्हणून ते नाणंही सुकं लिंबू आणि मीठ घालून उकळत्या पाण्यात घासून काढलं. मला नंतर सांगत होती, की पाणी कहव्यासारखं तपकिरी झालं आणि घरभर ऊदाचा वास सुटला. झुवैनाने नाणं पाहिलं आणि सुनेशी दोन दिवस बोलली नाही. आईच्या हातची काळी पडलेली राणी गेली आणि कुणीतरी भलतीच गोरी बाई घरात आली, असं मला म्हणाली.

बुधवारी पहिलंच नाणं साध्या भोकाचं आलं. झुवैनाने सवयीने नऊ दाणे मोजून एकदम टाकले. नाण्याचं पारडं खाली गेलं. तिने एक दाणा काढला. तरी खाली. दुसरा काढला, तिसरा, चौथा. दांडी सरळ झाली तेव्हा पारड्यात पाच दाणे होते.

भोक लहान असेल असं म्हणून तिने त्या बाईला पैसे दिले. पुढचं नाणंही पाचावर थांबलं. त्याच्या पुढचंही. मग तिने आदल्या बुधवारचं, स्वतःच तोललेलं, पिशवीतून काढून परत ठेवलं. नऊचं पाच झालं.

तिने तराजू चटईवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. बुरख्याच्या फटीतून डोळेच काय ते दिसत होते. मी हातातली सुरवार बाजूला ठेवली.

"उम्म केदार," ती म्हणाली, "बारा वर्षं मी बायकांची चांदी माझ्या धुरीशी तोलली."

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आणि त्याला बरकत म्हणत राहिले."

मी तिला म्हटलं, चार दाण्यांची ती गोष्ट काय, नाण्यामागे वीस बैसा, त्यात पेरूही येत नाही. त्यावर तिने किडक्या दाण्याकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. घरी गेल्यावर मी माझ्या देवघरातला लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया हातात घेऊन पाहिला. हळदकुंकवाचा चांगला जाड थर होता त्याच्यावर. मी त्याने काही तोलत नाही म्हणून बरं.

हजला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांची माफी मागून घेतो, हा इथला रिवाज. बहुतेक जण दारोदार जाऊन, काही चुकलंमाकलं असेल तर, असं म्हणतात आणि खजूर खाऊन परत येतात. झुवैनाचं तसं नव्हतं. तिचं म्हणणं, अल्लाचं मी जे चुकवलं ते अल्ला माफ करील, पण मला चांदी विकणाऱ्या गनियाचं चुकवलं ते गनियानेच माफ करायला हवं. एकीनेही नाही म्हटलं तर मी बसमध्ये बसायची नाही. हिलालने डोकं धरलं. पैसे भरून झाले होते.

लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं, पण तिला नाणी आठवत होती. राणीचं नाक गेलेलं, ते रय्याचं. दोन भोकांचं अमुकीचं, पक्ष्याची मान वाकलेली चार तमुकीची. फख्रियाने बोटांवर मोजून एकतीस बायका काढल्या. दुसऱ्या दिवसापासून हिलालच्या पिकअपमधून आम्ही तिघी निघालो. झुवैनाच्या मांडीवर सुट्या बैशांची पिशवी.

पहिल्या दिवशी सात घरं झाली आणि मला कळलं की हे पुण्याचं काम पोटावर येणार. प्रत्येक घरी खजूर, प्रत्येक घरी हलवा, आणि कहव्याचा पेला हलवून पुरे म्हटल्याशिवाय ओतणारी थांबत नाही. वीस बैसा द्यायला गेलेल्या बाईला लोक दोन रियालचं खायला घालून वर लिंबांची पिशवी बांधून देत. माफी तर सगळ्या हसत हसत देत होत्या. फक्त रय्या हसता हसता मधेच थांबली. ही आमच्याच बाजारात काजळ आणि मेंदी विकते, बोलायला एकदम मोकळी.

"उम्म हिलाल, तुझं झालं असेल तर आता मी मागते," रय्या म्हणाली. "ते नाक गेलेलं नाणं आठवतं ना? त्याच्या भोकात मी शिसं भरलं होतं. वरून काजळ चोळलं. तुझे नऊ दाणे मला फार वाटत होते."

झुवैनाने पैशांची पिशवी खाली ठेवली. मग विचारू लागली, की शिसं किती भरलं होतं, आणि मग कुणी कुणाचं किती खाल्लं. दोघी जव मागवून तोलायलाच बसणार होत्या. फख्रियाने पिशवी ओढून घेतली. निघताना झुवैनाने मनातलं बोलून दाखवलं, की बर्फ तर बारा वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा पडला, त्याचं पुण्य आता कुणाला. रय्या दारात उभी राहून म्हणाली, "आम्हाला. बारा वर्षं आम्ही गावाला थंड पाणी पाजतोय आणि आम्हालाच ठाऊक नाही."

अशी तीस घरं झाली. शेवटचं घर गनियाचं, खालच्या आळीत. झुवैनाने ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण गनिया तोंडाची तिखट, आणि तिची नाणी सगळ्यांत जास्त, चौदा. नऊ वर्षांपूर्वी धुलाईचं मशीन घेण्यासाठी तिने मेहेराचा हार एकदम मोडला होता. त्या नाण्यांना भोकंही नव्हती. नुसत्या वरून लावलेल्या कड्या, त्या काढून आणलेल्या.

गनियाने खजुरांचं ताट पुढे केलं, कहवा ओतला, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी माफ करणार नाही."

झुवैनाला वाटलं पैसे कमी पडले. ती पिशवी सोडू लागली.

"पैसे राहू देत," गनिया म्हणाली. "त्या दिवशी भर बाजारात काय बोलली होतीस, आठवतंय?"

झुवैनाला आठवत होतं. मलाही आठवलं, कारण मी हसलेल्यांत होते. भोक नाही, कड झिजलेली नाही, तरी दर नाण्याला दाणे लागत होते, तेव्हा झुवैना सहज म्हणून गेली होती, की नाणी मुळातच हलकी दिसतात, तुझ्या सासऱ्याने निवडून दिली गं. बायका हसल्या होत्या. गनिया पैसे घेऊन घरी गेली होती. पुढे काय झालं ते आम्हाला आता कळलं. नवऱ्याने मीठ मागितलं तर ती म्हणे, किती देऊ, तुमच्या बापाच्या मापाने की खऱ्या. त्याने बकरी विकत आणली तर म्हणे, तोलून घेतली का, तुमच्या घराण्यात सगळं हलकं असतं. नऊ वर्षं रोज.

पलीकडे अंगणात तिचा नवरा हमदान खजुरीच्या काथ्याचा दोर वळत बसला होता. बायका आल्या म्हणून तो दाराआड होता, पण दार उघडं होतं. त्याने खाकरून विचारलं, "उम्म हिलाल, ते आत्ताचं परत एकदा सांगता का? माझ्या बापाची नाणी भरली होती?"

"पूर्ण भरली होती, शेख हमदान," झुवैना म्हणाली. "एक दाणा कमी नव्हता. खोट माझ्या नाण्यात होती."

 बाहेर काठी जमिनीवर दोनदा आपटल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं म्हातारा रागावला. तो हसत होता.

"मी माफ केलं," तो म्हणाला. "तुम्हाला माफ, तुमच्या तराजूला माफ, त्या धुरीलाही माफ."

"तुम्ही कोण माफ करणारे?" गनिया आतून म्हणाली. "मेहेर माझा, नाणी माझी."

हे खरंच होतं. मेहेर बाईचा, त्याची माफी तिचीच. आणि ती का अडून बसली आहे तेही आम्हा तिघींना एव्हाना कळलं होतं. झुवैनाला माफ केलं म्हणजे झुवैना चुकली होती हे आलं. मग नऊ वर्षं गनिया नवऱ्याला जे बोलली तेही आलं, आणि त्याची माफी मागणं आलं. हमदानलाही ते कळलं असावं. तो म्हणाला, मला काही नको, फक्त जिथे बोललं गेलं तिथेच ते मागे घेतलं जावं. गनिया म्हणाली, बायकांच्या बाजारात पुरुषांना सोडत नाहीत. तो म्हणाला, मी फाटकापाशी उभा राहतो, तुझा आवाज काही लहान नाही.

गनिया "बघते" म्हणाली आणि पेले आवरायला लागली. ना हो, ना नाही. येत्या बुधवारी बाजार, शुक्रवारी बस.

झुवैनाने सामान बांधलं नाही. हिलाल रोज विचारी, ती म्हणे बुधवार होऊ दे. फख्रियाने आपणच गुपचूप सासूची पांढरी वस्त्रं इस्त्री करून पेटीत ठेवली.

बुधवारी झुवैना नेहमीच्या वेळी चटईवर बसली. बाजार भरल्यावर उभी राहिली. ही बाई कधी चारचौघींत आवाज चढवून बोललेली नाही, पण त्या दिवशी बोलली. तिने सांगितलं, की नऊ वर्षांपूर्वी याच जागी मी गनियाच्या सासऱ्याच्या चांदीला हलकी म्हटलं. ते खोटं होतं. त्यांची चांदी पूर्ण होती, माझं माप खोटं होतं. ज्या हसल्या होत्या त्यांनी ते मनातून काढून टाकावं. मी मान खाली घातली.

गनियाचा पत्ता नव्हता. फाटकाबाहेर मात्र हमदान काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता, पाठ आमच्याकडे करून, रीत पाळून. ऊन चढलं तरी हलला नाही. रय्याने त्याला पाण्याचा पेला पाठवला.

साडेदहाला गनिया आली. तडक झुवैनाच्या चटईपाशी आली आणि मुठीतलं एक नाणं तिच्या पुढ्यात टाकलं. मेहेर पंधरा नाण्यांचा होता, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिने चौदा विकली आणि एक ठेवून घेतलं होतं.

"आधी तोल," ती म्हणाली.

झुवैनाने तराजू उचलला. तिने उजव्या पारड्यात आपली धुतलेली राणी ठेवली, डाव्यात गनियाची. दांडी हलली, डुलली. आजूबाजूच्या बायका मेंदीच्या पुड्या बांधायच्या थांबल्या. मग दांडी सरळ झाली आणि सरळच राहिली. जवाच्या वाटीकडे कुणाला हात न्यावा लागला नाही.

गनिया वाकून बघत होती. एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून. मग नाणं उचलून ओढणीत बांधलं आणि फाटकाकडे चालू लागली. आम्ही सगळ्या तिच्या मागे.

फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "हमदान बिन सैफ, ऐका. तुमच्या वडलांची चांदी पूर्ण होती. नऊ वर्षं मी बोलले ते चुकीचं बोलले. मला माफ करा. आणि आज जेवायला उशीर करू नका."

म्हातारा तसाच पाठ करून उभा. म्हणाला, "शेवटचं तेवढं ऐकू आलं."

बायका इतक्या हसल्या, की शेजारच्या बाजारातले पुरुष बाहेर येऊन बघू लागले. गनियाने ते परत म्हटलं, सगळं, पहिल्यापासून. मग वळली, झुवैनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माफ. जा आता, सामान बांध. तिकडे माझंही नाव घे. यांचं नको, यांचं झालं आजच."

झुवैना शुक्रवारी बसमध्ये बसली. महिनाभर तिच्या चटईवर गनिया बसली. कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच तराजू आणि झुवैनाचं ते नाणं मागून घेतलं. बुधवारी पहाटे ती आधी नाणं लिंबाने घासे आणि आल्या आल्या प्रत्येकीला हाताला लावून दाखवी, चिकट आहे का बघ. दाणे टाकून दांडी सरळ झाली, पैसे ठरले, की मग विकणाऱ्या बाईला विचारी, "पाण्याचे चार दाणे घालू का?" बायका म्हणत, घाल. मग वीस बैसा एका डब्यात पडत. नाही म्हणणारी मी एकही पाहिली नाही, आणि गनियासमोर नाही म्हणणं सोपंही नव्हतं.

झुवैना परत आली, झमझमचं पाणी आणि खजूर वाटून झाले, आणि पहिल्या महिन्याची मोड घेऊन ती खल्फानकडे गेली. मी बरोबर होते. खल्फानने काट्यावर टाकलं. तिने मनात धरलं होतं तेवढंच भरलं, वर काही नाही. खल्फान म्हणाला, या वेळी बरकत दिसत नाही. तिने डबा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, यात आहे, बर्फवाल्याला दे.

माठ मशिदीबाहेर आहेत, बाजाराच्या फाटकापासून वीसेक पावलांवर. बुधवारी हमदान तिथे सावलीत बसतो आणि पाणी प्यायला थांबेल त्याला आपल्या बापाच्या पंधरा नाण्यांची गोष्ट सांगतो. फार लांबली की आतून गनियाचा आवाज येतो, त्या माणसाला आधी पाणी पिऊ द्या.